कॅमेऱ्याच्या मागे जाऊन बसा

पंचकल्याणक असो, चातुर्मासाची सांगता असो की कुणाच्या घरचं डोहाळजेवण, आपल्या समाजात हल्ली चित्रीकरणावाचून पान हलत नाही. कॅमेरेवाला मुलगा येतो, समितीतले चार पुरुष त्याला कुठं उभं राहायचं ते सांगतात, वर ड्रोन उडतो. आपण कुठं असतो? डोक्यावर कलश घेऊन रांगेत, एकसारख्या साड्यांत. अशा एका सोहळ्याचं तीन तासांचं चित्रीकरण मी पुरतं बघितलं. पाहुण्यांचे सत्कार त्यात ऐसपैस होते. पहाटे उठून, विहिरीचं पाणी गाळून आहाराचा चौका लावणाऱ्या बायका अर्धा मिनिटसुद्धा नव्हत्या. उद्या नातवंडं ते बघतील आणि त्यांना वाटेल, आज्जी नुसती मिरवत होती.

मी म्हणते, तक्रार पुरे. कॅमेरा शिका. आणि शिकायचाच तर व्हिडिओ कलेच्या वाटेनं शिका.

का, ते सांगते. लग्नाचं चित्रीकरण पैसे देणाऱ्याच्या मर्जीनं होतं. रील बघणाऱ्याच्या बोटाच्या मर्जीनं चालतं, तीन सेकंदांत धरलं नाही तर सरकलं पुढं. व्हिडिओ कलेला ही घाई नाही. तिला गोष्ट सांगायचीही सक्ती नाही. चित्रकार रंग वापरतो, तसा इथं वेळ वापरायचा. एकच गोष्ट एवढा वेळ बघायची आणि दाखवायची, की रोजची वस्तूही पहिल्यांदा बघितल्यासारखी वाटावी.

“ही थेरं मुंबई-दिल्लीची, आपल्या बायकांना काय त्याचं?” असं म्हणणारे भेटतात. त्यांना दोन बायकांची कामं दाखवावीत. 1975 साली अमेरिकेत मार्था रोसलर या कलावतीनं ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’ केलं. साधारण सहा मिनिटांचं, कृष्णधवल काम. कॅमेरा एका जागी. समोर ओटा, अंगावर ॲप्रन. एबीसीडीच्या क्रमानं ती एकेक भांडं, एकेक हत्यार उचलते, त्याचं नाव घेते, आपटते, हवेत खुपसते. हसत नाही. टीव्हीवरच्या गोड स्वयंपाकबाईचा मुखवटा तिनं ओट्यावरच फोडला. यात कुठलं महागडं तंत्र आहे, सांगा की!

दुसऱ्या आपल्याच देशातल्या. नलिनी मालानी, जन्म 1946, कराची. फाळणीत कुटुंब इकडं आलं. 1969 साली मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी चालवलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ ही छोटी फिल्म केली, घरांच्या रंगीत स्वप्नांची. 1976 मध्ये ‘युटोपिया’ केली. तीत एक तरुण बाई मुंबईच्या झोपडपट्टीकडं बघत उभी आहे. दोन्ही फिल्म त्यांनी शेजारी शेजारी दाखवल्या. एकीकडं स्वप्न, दुसरीकडं वास्तव. मधे एक शब्दही नको.

आता शिकवणाऱ्यांविषयी. ‘महिलांसाठी मोबाइल व्हिडिओ वर्ग’ म्हणून जे चालतं, त्यात पहिल्या दिवशी फिल्टर, दुसऱ्या दिवशी गाणं चिकटवणं, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. हे म्हणजे भाकरी थापायला शिकवायच्या आधी ताट सजवायला शिकवणं. खरं मूळ शिक्षण पाच गोष्टींचं आहे, आणि ते फुकट आहे.

पहिली, स्थिर राहणं. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवा आणि एक मिनिट हात लावू नका. ते मिनिट लांब वाटेल. तिथंच बघणं सुरू होतं. दुसरी, उजेड. खिडकी बाजूला ठेवा, पाठीमागं आली तर माणूस काळा पडतो. बऱ्याच फोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथंच थांबतो. तिसरी, आवाज. पंखा बंद करा. नुसत्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट वेगळा घेऊन ठेवा, जोडताना तो चित्रांमधली फट बुजवतो. चौथी, कापणं आणि क्रम. पाणी गाळण्याचेच तीन तुकडे घ्या: हात फडकं घागरीला बांधतायत, फडक्यावर उरलेलं परत विहिरीत सोडलं जातंय, ओलं फडकं दोरीवर. फडकं शेवटी ठेवलं तर काम झाल्याचं समाधान. पहिल्यांदा ठेवलं तर प्रश्न, हे फडकं वापरणारी कुठं गेली? तुकडे तेच, अर्थ दुसरा. पाचवी, आवर्तन. शेवट सुरुवातीला असा जोडायचा की सांधा दिसू नये. रोज तेच काम करणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

“पोरींच्या हातात कॅमेरा नको, दिवस वाईट आहेत,” असंही ऐकते. दिवस वाईट आहेत, खरंच. पण फोन तर पोरींच्या हातात आहेच! चित्र कसं कापतात, कसं जोडतात, खोटं कसं रचतात, हे जिला माहीत आहे तिला फसवणं अवघड. जी अडाणी राहील ती घाबरत राहील, आणि घाबरणारीला घरात ठेवणं सोपं जातं. खरी शिस्त वेगळीच लावायला हवी: ज्याचं चित्र घ्याल त्याला विचारून घ्या. आज्जी नको म्हणाली तर नको. तिचे हात घ्या, तेही नको म्हणाली तर तिची रिकामी जागा घ्या. आपल्याला न विचारता आपल्यावर रोखलेले कॅमेरे आपण पुष्कळ सोसलेत. आपण तसं करायचं नाही.

महिला मंडळांनाही एक सांगणं आहे. रांगोळी आणि पाककृतीच्या स्पर्धा चालू द्यात. त्यांच्यासोबत यंदा एक संध्याकाळ ठेवा. प्रत्येकीनं एका मिनिटाचं एकच चित्रण आणायचं, गाणं न लावता, फिल्टर न लावता, स्वतःच्या घरातल्या कामाचं. पांढरी चादर भिंतीवर लावा, प्रोजेक्टर भाड्यानं आणा आणि समितीतल्या पुरुषांना पहिल्या रांगेत बसवा. सगळं संपेपर्यंत उठू देऊ नका.