नवी रॅम आणि जुनी तेरीज

जळगावच्या दाणाबाजारातील एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. महिन्याची ९ तारीख आहे. मागील महिन्याच्या विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, ११ तारखेपर्यंत भरावयाचे आहे. गल्ल्याशेजारचा संगणक जुना, अवघ्या ४ जीबी रॅमचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मुलाने त्यावर विंडोज ११ घालून घेतले. तेव्हापासून टॅली आणि जीएसटीचे संकेतस्थळ एकाच वेळी उघडले की पडदा गोठतो. अखेर गोलाणी मार्केटमधून ८ जीबीची पट्टी येते आणि दुपारच्या उसंतीत ती बसवली जाते. बटण दाबताच पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो. दारात बऱ्हाणपूरला जाणारा माल भरून उभा आहे. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात धाडावयाचा तर ई-वे बिल हवे, आणि बिल तर त्या काळ्या पडद्यामागे अडकलेले.

अशा वेळी घरातील ज्येष्ठांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘हिशेब गेले!’ हा. हिशेब गेलेले नसतात. रॅम म्हणजे मुनिमाच्या पुढ्यातील कच्च्या टिपणाचा कागद; खतावणी असते ती हार्ड डिस्कमध्ये. वीज बंद होताच रॅममधील सारे पुसले जाते, तसा तिचा स्वभावच आहे. संगणक सुरूच झाला नाही, तर खतावणीला कोणी हात लावलेला नसतो. किंबहुना नवी रॅम घातल्यावर अडून बसणारे यंत्र प्रामाणिक म्हणावे. घोर लावतो तो दुसरा प्रकार: यंत्र सुरू होते, दिवसभर चालते आणि मधूनच काहीतरी चुकीचे लिहून ठेवते. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

काळ्या पडद्याचा उलगडा बहुधा साधा असतो. पट्टी पूर्ण बसलेली नसते. रॅमच्या स्लॉटला टोकाशी खिट्ट्या असतात, काही मदरबोर्डवर दोन्ही बाजूंना, काहींवर एकाच बाजूला. पट्टी सरळ ठेवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला की खिटी ‘टक्’ असा आवाज करून आपोआप मिटते. नवखा माणूस पट्टी मोडेल या भीतीने हलकेच दाबतो आणि एक टोक केसभर वर राहते. अर्थात हे सारे वायर भिंतीतून काढून, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवून आणि हात संगणकाच्या उघड्या धातूला लावून मगच करावे. खानदेशातील हिवाळ्याची हवा कोरडी. धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीत स्वेटर काढताना जो चटका बसतो, तेवढी स्थिर वीज रॅमची चिप निकामी करण्यास पुरेशी आहे, आणि अशी इजा डोळ्यांना दिसत नाही.

दुसरे कारण जातीचे. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या दोन्ही पट्ट्या दुरून सारख्या दिसल्या, तरी पहिलीला २४० पिना व १.५ व्होल्ट लागतात, दुसरीला २८८ पिना व १.२ व्होल्ट. खालच्या कडेची खाचही दोहोंत वेगळ्या ठिकाणी असते, ती मुद्दाम, एकीच्या जागी दुसरी बसू नये म्हणून. पट्टी बसत नसेल तर जोर लावण्यापूर्वी तिच्यावरील अक्षरे वाचावीत. दाणाबाजारात भुशाची धूळ असतेच. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारण्याची सवय मात्र सोडावी, कारण फुंकरीबरोबर ओलही जाते.

एवढे करूनही पडदा उजळला नाही, तर शोधाची पद्धत जुनीच आहे. पेढीवर तेरीज जुळत नसे तेव्हा मुनीम काय करीत? फरकाला नऊने भाग जातो का ते आधी पाहत. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले तर फरक ९०० येतो. अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीतच असतो. तेवढ्याने चूक सापडली नाही, तर वही कोठवर जुळत होती ते शोधून तेथून पुढे एकेक पान तपासत. दहा ठिकाणी एकदम खाडाखोड करणारा मुनीम कोणत्याच पेढीवर टिकला नसता. संगणकासही हाच न्याय लावावा. आधी नवी पट्टी काढून जुनी एकटीच बसवावी. यंत्र सुरू झाले, तर इतर सारे ठीक आहे असे ठरते. मग जुनी काढून त्याच स्लॉटमध्ये नवी एकटी. चालली, तर तीच नवी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी कागदावर नोंद. एकच पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये रुसली तर दोष पट्टीचा; एकाच स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या रुसल्या तर दोष स्लॉटचा. दोन्ही एकट्या चालतात आणि जोडीने चालत नाहीत, तर दोष मेळाचा. भिन्न बनावटीच्या, भिन्न वेगाच्या पट्ट्या एकत्र आल्या की यंत्र सहसा मंद पट्टीच्या चालीने चालते. कधी तेही जमत नाही. सहा महिन्यांच्या अंतराने दोन ठिकाणांहून घेतलेल्या पट्ट्यांपेक्षा एकाच पाकिटातील जोडी घेणे शहाणपणाचे ठरते, ते यामुळे.

एक तक्रार मात्र लवकर निकालात काढता येते. १२ जीबी बसवूनही संगणक जेमतेम तीन-सव्वातीन जीबीच वापरता येईल असे दाखवत असेल, तर बहुधा त्यात जुनी ३२ बिटची विंडोज आहे. तिला ४ जीबीपलीकडे मोजताच येत नाही. पट्टी परत करण्याचे कारण नाही, विंडोज बदलावी.

आता दुसरा प्रकार, यंत्र चालू आणि रॅम सदोष. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तेरीज पत्रक शिकवताना एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतातच असे नाही. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची रक्कम पडली, तर बेरजा जुळतात आणि चूक झाकली जाते. सदोष रॅम अशाच चुका करू शकते. ब्रसेल्सलगतच्या स्कारबेक येथे मे २००३ च्या निवडणुकीत संगणकाने एका उमेदवारास शक्य असलेल्या संख्येहूनही अधिक मते दाखवली, म्हणून फेरमोजणी झाली. फरक नेमका ४,०९६ मतांचा निघाला. दोनला दोनने गुणत गेल्यास बाराव्या पायरीवर येणारी ही संख्या. संगणकाच्या स्मृतीतील एका बिटने शून्याचा एक केला की नेमकी एवढीच भर पडते. कार्यक्रमात वा यंत्रात दुसरा दोष सापडला नाही. मुनिमाच्या नवाच्या कसोटीची ही संगणकीय बहीण म्हणावी. त्या निवडणुकीत आकडा अशक्य होता म्हणून डोळ्यांत भरला. तो शक्यतेच्या मर्यादेत राहिला असता, तर सहजी खपून गेला असता. गूगलच्या सर्व्हरमधील रॅमचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात शंभरांपैकी आठांहून अधिक पट्ट्यांत काही ना काही चूक नोंदली गेल्याचे आढळले. मोठ्या सर्व्हरमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. पेढीवरील साध्या संगणकात सहसा ती नसते, त्यामुळे चुकीची नोंदही होत नाही.

म्हणून स्क्रू खोलण्यापूर्वीचे पहिले काम बॅकअपचे, आणि तो जुन्या रॅमवर यंत्र धड चालू असतानाच घ्यावयाचा. टॅलीच्या डेटाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती बाजूला काढून ठेवावी. पुढील आठवडाभर रोजचा बॅकअप तिच्यावर चढवू नये, निराळ्या ड्राइव्हवर घ्यावा. ही चूक सर्रास होते. रॅम बिघडलेली, डेटा बिघडलेला, आणि शिस्तीने रोज घेतलेला बॅकअप त्याच बिघाडाची इमानदार नक्कल! ज्या कुटुंबाचे एक दुकान जळगावात आणि दुसरे धुळ्यास आग्रा रोडवर आहे, त्याला तर सोपे. एरंडोल-पारोळामार्गे कोणी ना कोणी जात-येत असतेच. एक पेन ड्राइव्ह त्याच्याबरोबर धुळ्यास जावा. उलट दिशेचा मोह मात्र टाळावा. संशयित पट्टी ‘तिकडच्या संगणकात लावून पाहू’ म्हणून धुळ्याच्या दुकानातील एकुलत्या एक चालत्या यंत्रात घालणे म्हणजे एका दुकानाचे कोडे दोन दुकानांचे करणे.

चालत्या यंत्राची परीक्षा विंडोजमध्येच आहे. शोधपट्टीत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ टाइप केले की संगणक पुन्हा सुरू होऊन रॅम तपासतो. ही पहिली चाळणी. तिच्यातून सुटणारे दोष असतात. अधिक कसून तपासावयाचे तर पेन ड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट-८६ दुकान बंद करताना लावून रात्रभर चालू द्यावे. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्याऐवजी एक दिसला, तरी ती पट्टी हिशेबाच्या यंत्रात ठेवू नये. ‘एकच तर आहे’ हा युक्तिवाद रोकड मोजताना कोणी चालवून घेत नाही.

मधल्या काळात त्या रॅमवर नोंदी झाल्या असतील, तर काम किचकट होते. आधी जुन्या पट्टीवर परतावे. बाजूला ठेवलेला बॅकअप स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरवून, पट्टी बसवल्याच्या तारखेपासूनच्या नोंदी मूळ बिलांशी आणि बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहाव्यात. तिसऱ्याच्या हातची नोंद हाच येथे खरा आधार, आणि बँकेचा उतारा पेढीच्या रॅममधून गेलेला नसतो. चोपडापूजनाच्या दिवशी बांधलेली कागदी रोजमेळ अजूनही काही घरांत रोज लिहिली जाते. तरुण मंडळी तिला हसतात, पण अशा आठवड्यात तीच वही टॅलीची साक्षीदार होते.

एक छोटी गोष्ट राहते. रॅम न जुळल्यास तंत्रज्ञ मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काढून पुन्हा बसवतो, त्याने जुन्या सेटिंग पुसल्या जातात. त्यांच्याबरोबर घड्याळही मागे जाते. संगणक काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागला, की जीएसटीचे आणि बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडत नाही, आणि रॅमचा दोष समजून पुन्हा पेटी खोलली जाते. उजव्या कोपऱ्यातील तारीख आधी पाहावी.

पट्टी सदोषच निघाली, तर दुकानदाराकडे जाताना बिल, पट्टीवरील अनुक्रमांकाचा आणि मेमटेस्टच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो जवळ असावा. अनुक्रमांकाचे लेबल सोललेले असेल, तर वॉरंटीचा हक्क बहुधा जातो. आणि जुनी ४ जीबीची पट्टी, जी तोवर यंत्रात इमानाने चालली, ती भंगारात न देता नव्या पट्टीच्याच पाकिटात घालून, वर तारीख लिहून गल्ल्यात ठेवावी.