पापणी मिटते का?

उदगीरच्या बाजारात देवणी बैल घेताना शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. तोच माणूस पोरांच्या हट्टाखातर पगचं पिल्लू घ्यायला निघाला, की नुसते डोळे बघतो. मोठे, गोल, टपोरे. पिल्लू तिथेच पसंत पडतं आणि हजारो रुपये मोजले जातात. झोपल्यावर त्याच्या पापण्या पुऱ्या मिटतात का, हे कुणी विचारत नाही.

बऱ्याच पगच्या त्या मिटत नाहीत. कवटी इतकी आखूड केलेली असते की डोळ्याची खोबण उथळ होते आणि डोळा बाहेर येतो. वरची-खालची पापणी भेटत नाही, मधे फट राहते. तेवढ्या पट्ट्यात अश्रू पसरत नाहीत. बुबुळ कोरडं पडतं, त्यावर नाकाच्या घडीवरचे केस घासतात. आधी पाणी गळतं, मग जखम होते, मग डोळ्यात फूल पडतं. मानेला जोराचा हिसका बसला किंवा दुसऱ्या कुत्र्याशी झटापट झाली, तर डोळा खोबणीबाहेर येण्यापर्यंत वेळ जाते. आणि हे सगळं आपल्याकडे, जिथे चैत्र-वैशाखात काळ्या रानाचा फुफाटा दारं लावली तरी घरात येतो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये हे मोजून दाखवलं. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना बुबुळावर जखम होण्याचा धोका इतर कुत्र्यांच्या 20 पट निघाला. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. पापण्यांमधली चीर तुलनेने 10 टक्क्यांनी रुंद झाली, की धोका तिपटीच्या वर गेला. म्हणजे ज्या टपोरेपणासाठी आपण पैसे मोजतो, तोच दुखण्याचं माप आहे.

लातूर जिल्ह्यातच, चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. हेच कुत्रं सीमेपलीकडे मुधोळ म्हणून नावाजलं आणि 2005 मध्ये टपालाच्या तिकिटावरही आलं. त्याचा डोळा जवळून बघावा. लांबट, कडेला निमुळता, पापणी बुबुळाला घट्ट बसलेली. पांढरा भाग जेमतेम दिसतो. डोळा खोबणीत नीट बसलेला असल्यामुळे धसकटं, कुसळं आणि बाभळीच्या काट्यांतून हे कुत्रं भरधाव जातं, तेव्हा पापणी वेळेवर आणि पुरती मिटते. तोंड लांब, डोळे किंचित बाजूला, त्यामुळे नजरेचा फेर मोठा. डोळ्याच्या आतली रचनाही तोंडाच्या लांबीप्रमाणे बदलते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं, की लांब तोंडाच्या कुत्र्यांत दृष्टिपटलावरच्या चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, आखूड तोंडाच्यांत त्या मध्यभागी गोळा होतात. उघड्या माळावर क्षितिजालगत काही हललं तर टिपायला तो आडवा पट्टा लागतो. नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याचं सगळं बळ तिथे आहे. शिकार कायद्याने बंद झाली, ते योग्यच झालं. राखणीला आजही हाच डोळा लागतो.

पगने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. तो प्रेमळ प्राणी आहे आणि ज्यांच्या घरी आहे त्यांनी त्याचे डोळे रोज बघावेत, लाल दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, लांब जायला नको. आक्षेप पैदाशीवर आहे. पापण्या न मिटणाऱ्या मादीला पुन्हा पुन्हा गाभण ठेवून तसलीच पिल्लं विकणं हा धंदा गिऱ्हाइकाच्या पसंतीवर चालतो, आणि ती पसंती प्रदर्शनांत घडते.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर श्वानांचंही प्रदर्शन भरतं. तिथल्या तपासणीत एवढी एक अट घालायला खर्च येत नाही: पापणी पुरती मिटत नसेल, तर ते कुत्रं बक्षिसाला नाही. जात कोणतीही असो.