गाजराचा केक, चक्क्याचं आयसिंग

मैत्रिणींनो, थंडीत लाल गाजरं बाजारात आली की आपली धाव हलव्यापर्यंतच. हलवा चांगलाच, पण तासन्‌तास परतायचं आणि ढीगभर किसाचा पसाभर ऐवज व्हायचा! यंदा गाजराच्या केकच्या वड्या करून पाहा.

'आमच्याकडे ओव्हन कुठाय?' असं तुम्ही म्हणणार, ठाऊक आहे मला. इथं डिलाईल रोडला बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. तिथं ओव्हन ठेवायचा कुणाच्या डोक्यावर? एवढ्यासाठी यजमानांच्या मागे लागून हप्त्यावर काही आणू नका. जाड बुडाचं जुनं पातेलं आणि घट्ट बसणारं झाकण पुरे.

पातेल्यात बोटभर जाडं मीठ पसरा, वर कुकरची जाळी ठेवा आणि झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. पाणी मुळीच घालायचं नाही. (हे मीठ स्वयंपाकात चालत नाही, पण पुढच्या केकला चालतं. बरणीत भरून ठेवा.)

आता मिश्रण. चहाच्या कपानं मोजा. एक कप मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, अर्धा चमचा दालचिनीची पूड आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळा. दोन अंडी आणि पाऊण कप साखर फेसून त्यात अर्ध्या कपाला थोडं कमी तेल घाला. शेंगदाण्याचं नको, वास मारतं. सासूबाईंना अंडं चालत नसेल तर अर्धा कप दही घ्या आणि सोडा अर्धा चमचा करा. मग मैदा आणि एक कप गाजराचा कीस हलक्या हातानं मिसळा. आपली लाल गाजरं रसाळ, म्हणून कीस जरा पिळून घ्यावा. रस मुलांना प्यायला द्या. बेदाणे, अक्रोड ऐपतीप्रमाणे. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर असताना इंग्लंडातल्या बायकाही गोडासाठी गाजराकडेच वळल्या होत्या, तेव्हा काटकसरीची लाज नको!

तूप-मैदा लावलेल्या सात इंची डब्यात मिश्रण ओतून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ठेवा. पहिला अर्धा तास झाकण उघडू नका. सुरी कोरडी निघाली की झालं. वरून रंग येत नाही, पण तो झाकायला आयसिंग आहेच.

खरी मेख इथंच आहे. कृतीत क्रीम चीज लिहिलेलं असतं, आणि त्या डबीच्या किमतीत आपला अख्खा केक होतो. आपल्याला श्रीखंडाचा चक्का येतो ना? अर्धा लिटर ताजं, आंबट नसलेलं सायीचं दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा. मुंबईच्या हवेत बाहेर टांगलंत तर आंबेल. दोन मोठे चमचे घरचं लोणी, ताक पूर्ण निघेपर्यंत धुतलेलं, चार चमचे पिठीसाखरेबरोबर फेसा, मग गार चक्का घालून जेमतेम एकजीव करा. फार घोटलंत तर पातळ होतं. इथं श्रीखंडाची सवय आवरायची. व्हॅनिला नसेल तर वेलची. मला तर वेलचीच आवडते.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंग लावू नका, नाहीतर ओघळून जाईल. तासभर फ्रीजमध्ये ठेवून ओल्या सुरीनं वड्या पाडा आणि दोन दिवसांत संपवा. शाळेच्या डब्यात मात्र बिनआयसिंगच्याच द्या.