नुसता पाना देणारी नात नको

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी तेहेतीस वर्षं काढली. माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून जी पोरं आली, ती पहिल्या सहा महिन्यांत एवढंच शिकली की बारा-तेराचा पाना कुठला आणि चौदा-पंधराचा कुठला. उस्ताद गाडीखाली, पोरगा बाहेर. गाडीखालून हात यायचा, पोराने त्यात पाना ठेवायचा. मीही तसाच शिकलो आणि पुढे तसंच शिकवलं. आज निवृत्तीनंतर कबूल करतो, त्यात पोरांचं शिक्षण थोडं आणि आमची सोय जास्त होती.

हे आठवायला कारण झाली माझी नात. ती जळगावला असते, यंदा आठवीत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याला आली तेव्हा माझ्या भाच्याचा अमेरिकेहून फोटो आला होता. तो आणि त्याचा मुलगा, दोघांनी मिळून दुरुस्त केलेल्या एका जुन्या ‘गार्डन ट्रॅक्टर’शेजारी उभे, दोघांचे हात काळे. तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणजे अंगणातलं गवत कापायचं यंत्र. जॉन डिअर कंपनीने तसला आपला पहिला ट्रॅक्टर १९६३ साली काढला. त्याच १९६३ साली आपल्याकडे महिंद्राने परदेशी कंपनीशी भागीदारी करून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी केली. तिकडे ट्रॅक्टर हिरवळ कापायला निघाला होता, इकडे काळ्या जमिनीतली हरळी उपटायला. नात म्हणाली, “नाना, आपणही एक जुना ट्रॅक्टर उभा करू.” मी लगेच हो म्हटलं. कुठला घ्यायचा, हा प्रश्न नंतर आला. माझं म्हणणं आहे की सगळी गोष्ट त्या निवडीतच ठरते.

माझं मन पहिल्याच दिवशी ठरलं होतं. फोर्ड ३६००. तीन सिलिंडरचा, निळा. तरुणपणी आमच्या गावात एकाच वाड्यावर तो होता आणि त्याचा आवाज ऐकून मी जेवण टाकून रस्त्यावर यायचो. पारोळा चौफुलीजवळ एक विकाऊ असल्याचं कळलं, आम्ही बघून आलो. बोलणी जवळपास झालीच होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनातल्या मनात तो खोलू लागलो आणि लक्षात आलं, की सगळं मीच खोलतोय. नात बाजूला पाना घेऊन उभी आहे. मी ट्रॅक्टर माझ्या विसाव्या वर्षासाठी निवडत होतो, तिच्या तेराव्या वर्षासाठी नाही. सकाळी फोन करून सौदा मोडला.

मग नव्याने शोध. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, चाल मग. ट्रॅक्टरचंही तसंच. ऑइलची पट्टी काढायची, ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. स्टेअरिंग हलवून बघायचं, चाक हलायच्या आधी ते किती रिकामं फिरतं. हायड्रॉलिकच्या घराला कुठे वेल्डिंगचं ठिगळ आहे का. चेसिस नंबर खरवडलेला नाही ना. आणि सगळ्यात आधी कागद. आपल्याकडे ट्रॅक्टरला दोन एचपी असतात: एक इंजिनाचा, दुसरा आरसी बुकात बँकेचा, म्हणजे तारणाचा. पहिला झिजून संपतो, दुसरा मात्र उतरवल्याशिवाय उतरत नाही. खान्देशात अशी घरं मी पाहिली आहेत, जिथे ट्रॅक्टर भंगारात गेला तरी त्याचा बोजा सातबाऱ्यावर तसाच होता. नातीला मी ट्रॅक्टर दाखवायच्या आधी सातबारा वाचायला शिकवला. तेवढा अर्धा दिवस कारणी लागला.

पर्याय कमी नव्हते. एचएमटीचा झेटॉर २५११ मिळत होता, दोन सिलिंडरचा. एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्राने तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. माझ्या मनगटावर अजून त्याच कंपनीचं घड्याळ आहे. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेल्या भाताला याच घड्याळाचं नाव मिळालं होतं. घड्याळ, भात आणि ट्रॅक्टर एका नावावर, हे ऐकून नात खूश. पण त्या झेटॉरचे सुटे भाग शोधायला मला पंजाबपर्यंत फोन करावे लागले असते. स्वराज ७२४ होता. १९७४ चं हे मॉडेल, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेलं आणि परदेशी परवान्याशिवाय पंजाबात बांधलेलं. त्याचा मालक मात्र अजून त्यावर पोट भरतोय. माझा एक नियम आहे, जो ट्रॅक्टर कुणाला अजून कमावून देतोय तो हौसेसाठी विकत घ्यायचा नाही. त्याच कारणाने रावेर-यावलकडचा मित्सुबिशी शक्तीही सोडला. साडेअठरा एचपीचा हा बुटका ट्रॅक्टर फळबागांत आणि केळीच्या ओळींतून फिरतो. आपल्याकडचा खरा गार्डन ट्रॅक्टर तोच. पण तो काही म्हातारा झालेला नाही, कामावर आहे.

शेवटी पारोळ्याच्या बाजूला एका खळ्यात, निंबाखाली, आयशर सापडला. एका सिलिंडरचा, हवेने थंड होणारा. त्याच्या सीटवर कोंबडी उबवायला बसलेली. आयशर हे नाव ट्रॅक्टरवाल्यांच्या कुळात आद्य आहे. २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, तो आयशर, जर्मन कंपनीच्या सहकार्याने. त्याआधी आपल्याकडे येणारा प्रत्येक ट्रॅक्टर जहाजातून यायचा. आमचा अर्थात इतका जुना नाही. पण नंबर एमएच सुरू होण्याआधीचा, तीन अक्षरांचा. कागद साफ, बोजा नाही, इंजिन जाम. जाम म्हणूनच भंगाराच्या भावात मिळाला. ट्रॉलीवर चढवून आणताना गावातला एकजण ओरडला, “नाना, हाई भंगार कथा लई चालनात?” मी म्हटलं, शाळेत.

मी एका सिलिंडरवर का थांबलो, ते सांगतो. एक पिस्टन, एक नोझल, दोन व्हॉल्व्ह. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाही. तेरा वर्षांच्या पोरीला हे सगळं यंत्र एकाच वेळी डोक्यात धरता येतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात ती मदतनीस झाली असती, इथे ती मिस्त्री होऊ शकते. मी स्वतःला एक अट घालून घेतली: पाना तिच्या हातात, मी सांगणार, आणि न विचारता तेही सांगणार नाही. ही अट पाळणं इंजिन बांधण्यापेक्षा अवघड गेलं.

हेड उतरवायला आम्हाला चार दिवस लागले. मला दोन तास पुरले असते. प्रत्येक नट काढण्याआधी तिने मोबाइलवर फोटो काढला, नट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत टाकले, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग तिने विचारलं, “नाना, यात स्पार्क प्लग कुठेय?” नाहीच, म्हटलं. मग डिझेल पेटतं कसं? मी उत्तर दिलं नाही, सायकलचा हवेचा पंप दिला आणि बोटाने तोंड दाबून जोरात मारायला सांगितला. दहा-बारा दणके मारल्यावर ती पंपाच्या तळाला हात लावून म्हणाली, “गरम झाला.” बस. दाबलेली हवा तापते आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. ही गोष्ट मला वर्कशॉपात कोणी अशी सांगितली नव्हती, पाठ करून घेतली होती.

पिस्टन सिलिंडरला चिकटलेला होता. डिझेल आणि ऑइलचं मिश्रण वरून ओतून अकरा दिवस भिजत ठेवला. ती रोज सकाळी उठून लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकायची आणि निराश होऊन परत यायची. लोखंडाच्या हातोड्याने एका फटक्यात काम झालं असतं आणि पिस्टनही गेला असता. बाराव्या दिवशी तो अर्धा इंच खाली गेला, तेव्हा घरातली सगळी माणसं अंगणात धावली, इतकी ती ओरडली.

जाम होण्याचं कारणही तिनेच काढलं. हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरला बाहेरून पात्या असतात, त्यांच्यामधून वारा खेळला पाहिजे. आमच्या आयशरच्या पात्यांमध्ये माती, ऑइल आणि कापसाचं तूस यांचा नुसता थर बसला होता. जुन्या टूथब्रशने आणि निंबाच्या काडीने तो उकरता उकरता ती म्हणाली, “म्हणजे याला उन्हाने नाही मारलं, कचऱ्याने मारलं.” आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि प्रत्येक बंद पडलेल्या यंत्राचा दोष आपण उन्हावर टाकून मोकळे होतो. त्या पात्या कुणी महिन्यातून एकदा साफ केल्या असत्या तर तो ट्रॅक्टर कोंबडीच्या वाट्याला आला नसता.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. ज्याने अशा ट्रॅक्टरवर आठ-आठ तास नांगरट केली, त्याच्या कंबरेला विचारा. ब्रेक भरवशाचे नाहीत, अवजारं फिरवणारा पीटीओचा दांडा उघडा फिरतो, उलटला तर डोक्यावर काही नाही. म्हणून नातीला नियम सांगितलेत: जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली जायचं नाही, फिरत्या दांड्याजवळ ओढणी नाही, मडगार्डवर बसायचं नाही. आपल्याकडे लेकरांना मडगार्डवर बसवून शेतात नेणं प्रेमाचं समजतात. मी ते जीवघेणं समजतो. आणि अठरा पूर्ण होऊन लायसन्स हातात येईपर्यंत स्टेअरिंग नाही. ती रुसली. रुसू दे.

आता थोडं सरकारला. केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. चांगलं केलं. पण ही सोय दुचाक्यांना आणि प्रवासी मोटारींना. राजेसाहेबांची मोटार वारसा ठरते, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर भंगार. या देशाचं पोट कुणी भरलं, याचा हिशोब केला तर हे उलटं वाटत नाही का? पन्नाशी गाठलेल्या ट्रॅक्टरलाही तीच नोंदणी मिळावी. रस्त्यावर धावायला नको, पण त्याची ओळख शाबूत राहावी आणि तो कापून वजनावर विकण्याआधी मालकाने एकदा थांबावं.

दुसरी मागणी याहून स्वस्त आहे. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. तिथली जागा, जॅक, वाईस, साखळी-कप्पी उन्हाळ्यात बऱ्याचदा कुलपात असते. त्या सुट्टीत एक जुना ट्रॅक्टर, गावातले दोन निवृत्त मिस्त्री आणि शाळेतली दहा पोरं-पोरी एकत्र आणायला नवी योजना लागत नाही, किल्ली लागते. धुळे-जळगावात माझ्यासारखे हात काळे केलेले कितीतरी म्हातारे चौकातल्या बाकावर पेपर वाचत बसतात. त्यांच्या बोटांत जे आहे ते कुठल्या पुस्तकात नाही, आणि पुढच्या वीस वर्षांत ते कुणाच्या बोटांतही राहणार नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असताना ही हौस कशाला? खरं आहे, ज्याला परवडत नाही त्याने करू नये. पण उभा करायला ट्रॅक्टरच हवा असं कुठे आहे? विहिरीवर पडून असलेलं किर्लोस्कर इंजिन घ्या, आजीचं शिलाई मशीन घ्या. अट तीच: यंत्र असं निवडा, की लेकराला ते सगळं उघडता येईल आणि आपल्याला हात मागे ठेवता येतील.

आमचा आयशर अजून सुरू झालेला नाही. सिलिंडर बोअर करून आणलाय, पिस्टन-रिंगा आल्यात, आणि सुट्टी संपली. पोळ्याला गल्लीतल्या पोरांनी त्या बिनहेडाच्या ट्रॅक्टरलाही झूल घातली, तेव्हा बायको म्हणाली, “आता तरी जोडून टाका, लोक हसतात.” मला एक दुपार पुरेल. हात शिवशिवतात. रोज संध्याकाळी मी गोणपाट उचलून बघतो, पात्यांत धूळ बसली का ते पाहतो आणि गोणपाट परत टाकतो. गेल्या रविवारी जळगावहून फोन होता: “नाना, हेड मी दिवाळीत येऊन बसवणार. तुम्ही फक्त पाने पुसून ठेवा.”

पुसून ठेवलेत. बारा-तेरा, चौदा-पंधरा, ओळीने. यंदा दिवाळीत पाना द्यायचं काम माझं आहे.