एका वाडीच्या दोन शाळा

आमचे वडील दरबारी गवयांच्या शेवटच्या पिढीतले. त्यांच्या शिकवणीस सरदाराचा मुलगा आणि मोतद्दाराचा मुलगा एकाच जाजमावर बसत. यात आपण काही विशेष करीत आहोत असे त्यांना कधी वाटले नाही. शेजारी बसल्यावाचून एकमेकांचा सूर कानी पडत नाही, एवढेच ते म्हणत.

गेल्या मार्गशीर्षात पेडणे तालुक्यातील एका वाडीवर मुलांना गाणे शिकविण्याचा योग आला, तेव्हा या जाजमाची फार आठवण झाली. सकाळी सरकारी मराठी शाळेत गेलो. चार इयत्तांची मिळून अकरा मुले. त्यांतील आठ परप्रांतांतून आलेल्या गवंड्यांची व बागायतीत राबणाऱ्यांची, कित्येकांची घरची भाषा कानडी. वाडीतील बाकीची मुले बसने म्हापशाच्या इंग्रजी शाळांत जातात. ती संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात जमली. सकाळी एका गवंड्याच्या मुलाने दशावताराचा ठेका बाकावर बिनचूक धरला होता, म्हणून त्यालाही आम्ही बोलाविले होते. तो पायरीवरच उभा राहिला. आत का येत नाही असे विचारताच एक मुलगी सहजपणे म्हणाली, “मास्तर, तो भायल्यांचा.” तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तो असता तर तिला समजावता आले असते.

पेडणे, डिचोली हे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलेले मुलूख. परकी अमलात येथील मराठी शाळा बहुतांशी लोकांच्या पदरमोडीवर चालल्या आणि गरिबांस तेथे क्वचितच जागा मिळे. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी शाळा निघाल्या. बहुजनांची पहिली पिढी तेथेच अक्षर गिरवून वर आली. आज त्याच पिढीची नातवंडे त्या शाळेवरून बसने पुढे जातात.

पुढे माध्यमाचा वाद पेटला. 1990 मध्ये प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरले. 2011 मध्ये ते इंग्रजी शाळांनाही देण्याचा निर्णय झाला आणि आंदोलने झाली. दोन्ही पक्ष भाषेवर हिरिरीने बोलले. परंतु कोणाचे मूल कोणाच्या शेजारी बसणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. मराठी शाळा मराठीसाठी वाचवावयाची हे आम्हांस मान्य आहे. पण मराठीचा अभिमान सांगणाराची मुले जर तेथे नसतील, तर तो अभिमान गवंड्याच्या पोराने एकट्याने का वाहावा?

आईबापांस दोष देणे सोपे आहे. मोपच्या विमानतळावर 2023 पासून विमाने उतरू लागली. तेथील नोकरीस इंग्रजी लागते हे त्यांना दिसते. डिचोलीस 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. तेथला बाप मुलाला हाताशी काहीतरी निश्चित देऊ पाहतो, यात नवल नाही. म्हणून उपाय शाळेतच केला पाहिजे. प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र शिक्षक हवा, पहिलीपासून इंग्रजी विषय उत्तम शिकविला जावा आणि आठवड्यातून एक दिवस वाडीतील सर्व मुलांचे गाणे व खेळ एकत्र व्हावेत. मंत्री व अधिकारी यांनी आपली मुले या शाळांत घातली, तर पहिल्या दोन गोष्टींस फार काळ लागणार नाही.

हे गोमंतकातले म्हणून करवीरच्या वाचकांनी पान उलटू नये. आपल्या दरबारचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांची गायकी गोमंतकाच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी पुढे नेली. जात आणि धर्म आड आले असते तर ती आपल्यापर्यंत पोचली नसती. शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत आणली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास वर्णभेदाच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविण्यास 1954 साल उजाडले. परंतु महाराजांपुढे मोडावयास एक उघड रूढी होती. आजची भिंत कोणी हुकूम काढून बांधलेली नाही. ती फी, माध्यम आणि बस यांनी आपोआप उभी राहिली आहे. आपल्या शहरातील महानगरपालिकेच्या शाळेत कोण बसते आणि आपले मूल कोठे बसते, हे वाचकांनी एकदा पाहावे. पायरीवरचा मुलगा आपल्याही गल्लीत आहे.