शेतकऱ्याचं प्रमोशन कधी होते?



काल शेवटच्या बांधीची रोवणी आटोपली. हात जरासे मोकळे झाले, म्हणून बरेच दिवसांपासून मनात असलेली गोष्ट लिहितो. आज खत-फवारणीचं नाही, थोडं वेगळं आहे.

उन्हाळ्यात आमच्या १९८६ च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, मौद्याजवळ एका लॉनवर. सगळे पंचावन्नच्या आसपासचे. एकेकाने उभं राहून आपली माहिती सांगायची होती. एक जण म्हणाला, कारकून लागलो, आता अधिकारी आहे. दुसरा मास्तरचा मुख्याध्यापक झाला. तिसऱ्याचं रिटायरमेंट दोन वर्षांवर आलं. माझा नंबर आला. मी म्हटलं, "८६ साली शेतकरी लागलो, आजही त्याच पोस्टवर आहे." सगळे खदखदा हसले. मीही हसलो. पण रात्री गाडीवरून घरी येताना ते बोलणं डोक्यातून जाईना. पस्तीस-चाळीस हंगाम झाले. आपण वर चढलो की जिथल्या तिथे आहोत, हे सांगायचं कोणी?

नोकरीवाल्याला साहेब सांगतो, पगाराची स्लीप सांगते. आपल्याला कोण सांगते? पीक? साधलं तर पावसाने साधलं, बुडालं तर पावसाने बुडवलं. एकर वाढले म्हणजे प्रगती म्हणावं, तर वाटण्या होऊन ते कमीच होतात. ट्रॅक्टर म्हणावं, तर तो बँकेचा असते.

मोबाईलवर ते प्रेरणादायी भाषणवाले रोज सांगतात, मन लावून मेहनत करा, यश आपोआप मागे येईल. मले हे वाक्य पटत नाही. का पटत नाही, त्याचं उदाहरण आपल्या बाजूच्याच जिल्ह्यात आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या घरात. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा पिवळसर. त्यांनी त्या तोडून जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध लावल्या आणि रानडुकरांपासून वाचवायला भोवती काट्या टाकल्या. वर्षामागून वर्ष तेच बियाणं निवडत गेले. दाणा बारीक, भात चवीला चांगला. बाजारात नेलं तेव्हा त्याला नावच नव्हतं. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. आज विदर्भात, मध्य प्रदेशात, छत्तीसगडमध्ये ज्याला लोक एचएमटी म्हणतात, तो हाच धान. पुढे त्यांनी आणखी वाणं काढली. नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके. हे डीआरके म्हणजे त्यांच्याच नावाची अक्षरं.

२००५ मध्ये राष्ट्रपती कलाम साहेबांच्या हातून त्यांना पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाच्या यादीत नाव आलं. आणि शेवटच्या आजारपणात? उपचारासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली. ३ जून २०१८ ला ते गेले. ज्यांच्या धानावर व्यापारी, राईस मिलवाले, बियाणेवाले कमावले, त्यांच्या घरात पैसा आला नाही.

आता सांगा, मेहनतीत कुठे कमी होती? मन लावण्यात कुठे कमी होती? म्हणून माझं मत असं आहे की कामातली वाढ ही एक गोष्ट आणि तिचा मोबदला ही दुसरी. दोन्हीचा हिशोब वेगळा ठेवायचा. पहिली आपल्या हातात बरीचशी आहे. दुसरी आपोआप येत नाही, तिच्यासाठी कागद लागते.

पहिलीबद्दल माझीच चूक सांगतो. २००९ च्या कार्तिकात माझ्या बांधीत धुऱ्यापासून चार हात आत एक बुंधा दिसला. बाजूचा सगळा धान लोळला होता, हा उभा. लोंबीही भरलेली. मी म्हटलं, उद्या खुणेची काडी रोवतो. दुसऱ्या दिवशी कापणीला बाया आल्या, मी चुंगड्या आणायला गेलो. आलो तेव्हा बांधी साफ. तो बुंधा पुंजण्यात गेला. कदाचित काहीच निघालं नसतं. पण दादाजींनी आणि मी पाहिलं सारखंच. त्यांनी तोडून ठेवलं आणि मी उद्यावर टाकलं. फरक एवढाच.

धान हे स्वतःच्याच परागाने फळणारं पीक आहे. त्यामुळे एका लोंबीचं बी वेगळं लावलं, वेगळं कापलं, तर त्याचे गुण पुढे टिकायची शक्यता चांगली असते. पहिल्या एक-दोन वर्षांत फरक पडतो, तेवढं वेचत राहावं लागते. त्याला लॅब लागत नाही. काडी, पिशवी, वही आणि पाच-सात वर्षांचा धीर लागते.

त्या वर्षापासून मी वही घातली. पऱ्हे कधी टाकले, कॅनॉलचं पाणी कधी सुटलं, रोवणीला पऱ्हे किती दिवसांचे होते, बांधीत किती चुंगड्या झाल्या. चार वर्षांनी वही उलटून पाहिली तेव्हा दिसलं की पंचवीस दिवसांच्या आतले पऱ्हे रोवले तिथे फुटवे जास्त, आणि पाण्याची वाट पाहत चाळीस दिवसांचे झाले तिथे चुंगड्या कमी. पुस्तकात ते आधीच लिहून आहे, मले माहीत आहे. पण माझ्या वहीत दिसलं तेव्हाच मी बदललो. आता पऱ्हे एकदम टाकत नाही, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकतो. पाणी लवकर सुटो की उशिरा, एक टप्पा तरी बेताचा सापडते. हे माझं पहिलं प्रमोशन, असं मी समजतो. ऑर्डर कोणी काढली नाही, वहीने काढली.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्यात शेतकऱ्याने निवडलेलं वाण शेतकऱ्याच्या नावाने नोंदवता येते, धानासारख्या पिकाला १५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते आणि शेतकऱ्याला फी माफ आहे. बियाणं ठेवणं, पेरणं, देवाणघेवाण करणं, विकणं याचाही हक्क आहे. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. दादाजींनी लोंब्या वेचल्या तेव्हा हा कायदा नव्हता. आपल्या वेळी आहे, तरी आपल्यातल्या किती जणांनी तो वापरला? अर्ज कसा करायचा, हे कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

कृषी सहाय्यक, विद्यापीठातले साहेब, तुमच्यातले बरेच जण हे वाचता म्हणून हात जोडून सांगतो. शेतातून बियाण्याचा नमुना नेताना पिशवीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, तारीख लिहा. एक कागद त्याच्याजवळही राहू द्या. तुमचा शोधनिबंध निघाला तर त्याचं नाव त्यात येऊ द्या. तुमच्या प्रमोशनमध्ये आमचं थोडं प्रमोशन होईल, तुमचं काही कमी होणार नाही.

माझा पोरगा बी.एस्सी. अॅग्री झाला, सध्या परीक्षांची तयारी करते. परवा बांधावर बसून म्हणाला, "बाबा, शेती केली तर पुढे काय होईन मी?" मी त्याला दादाजींची गोष्ट सांगितली, शेवटासकट. शेवट लपवून सांगणं म्हणजे पोराला फसवणं. मग वही त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, निर्णय तुझा, पण यातली पुढची पानं कोरी आहेत. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वही मात्र खोलीत घेऊन गेला.

लोंबी निघायच्या वेळी बांधीत फिरताना खिशात सुतळीचे तुकडे ठेवा. वेगळं दिसलं की तिथल्या तिथे बांधा. उद्यावर टाकू नका. कोणाकडे असं निवडलेलं धान, तूर, लाखोळी असेल तर लिहा, मी येऊन पाहीन.