एआयचं हृदय आणि कोसबाडचे दोन त्रिकोण

परवा भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर हृदयाची आकृती पाठवली. एआयकडून बनवून घेतलेली, दिसायला एकदम झक्कास. फक्त महाधमनी उजव्या निलयातून निघत होती, आणि दोन नावं कुठल्याच भाषेतली नव्हती. साहेब तीच वहीत उतरवणार होते!

पोरांचंच असं होतं असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स'च्या एका विज्ञान नियतकालिकात मिडजर्नीने काढलेला उंदीर छापून आला. अवयव अशक्य मापाचे, नावं निरर्थक. तज्ज्ञांच्या तपासणीतून तो सुटला कसा, देव जाणे. सोशल मीडियावर हसं झाल्यावर काही दिवसांतच लेख मागे घेतला गेला.

कारण सोपं आहे. असं मॉडेल लाखो चित्रांवरून 'हृदय कसं दिसतं' ते शिकतं. रक्त कुठून कुठे जातं, हे ते तपासत नाही.

मी डहाणूकडचा, त्यामुळे मला वारली चित्रं आठवली. कोसबाडच्या आसपास ती भिंतीवर दिसतात. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण: वरचा छातीचा, खालचा कंबरेखालचा. चित्रकलेच्या वर्गातही माणूस असाच शिकवतात, बरगड्यांचा एक ठोकळा, कटीचा दुसरा आणि मध्ये वळणारी कंबर. बोटं, नाक, डोळे सगळं गाळलंय, पण सांधा जागेवर आहे. म्हणून तर तारपा नाचणारी आकृती खरोखर वाकते. याच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पानं, खडे घेऊन मुलांना शिकवत होत्या.

मग थ्रीडी अ‍ॅप वापरायचंच नाही का? वापरा की! हृदय फिरवून सगळीकडून बघा, मग फोन उलटा ठेवा आणि आठवून काढा. चार खोके पुरेत. आकृती तुमच्याकडे तोंड करून असते, म्हणून उजवं अलिंद तुमच्या डाव्या हाताला. डाव्या निलयाची भिंत जाड. फुप्फुस धमनी निळी, धमनी असूनही! मग पुस्तकाशी ताडून बघा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या २०१६च्या प्रयोगांत लिहिलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले, चित्र सुबक नसलं तरी.

रात्री भाच्याची नवी आकृती आली. खोके वाकडे, महाधमनी बरोबर. फुप्फुस शिरा मात्र दोनच काढल्यात, चार हव्यात. उद्या सांगतो त्याला.